लॅबच्या वेबसाइटला एसएसएल लावलं की रुग्णांची माहिती सुरक्षित होते का?

प्रश्न: आमची मिरजेत छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. रुग्णांना एसएमएसवर लिंक जाते आणि आमच्या वेबसाइटवरून रिपोर्ट डाउनलोड करता येतो. लिंकच्या शेवटी बिल नंबर असतो, पासवर्ड वगैरे लागत नाही. आता काही रुग्ण सांगतात की लिंक उघडली की ‘सुरक्षित नाही’ असं दिसतं. साइट बनवणारे म्हणतात एसएसएल घ्यावं लागेल, वर्षाला नऊ हजार. मोफतही मिळतं असं ऐकलं. मोफत चालेल का? आणि ते लावलं की रुग्णांची माहिती सुरक्षित झाली असं समजायचं का?

उत्तर: मोफत चालेल. लगेच लावून घ्या. पण माहिती सुरक्षित झाली असं मात्र समजू नका, कारण तुमच्या प्रश्नातलं ‘लिंकच्या शेवटी बिल नंबर असतो’ हे वाक्य वाचून मला एसएसएल नसल्यापेक्षा जास्त काळजी वाटली. त्याकडे येतोच. मी गेली १७ वर्षं सांगलीत दवाखाने, पतसंस्था, बेदाणा आणि हळदीचे व्यापारी यांच्या वेबसाइट आणि सर्व्हर सांभाळतो. त्यामुळे जे लिहितोय ते याच कामातून आलेलं आहे.

आधी ‘सुरक्षित नाही’चा अर्थ. तुमची साइट एचटीटीपीवर चालते आहे, म्हणजे रिपोर्ट उघड्यावरून जातो. क्रोमने जुलै २०१८ पासून अशा प्रत्येक साइटवर हा शेरा दाखवायला सुरुवात केली. मिरजेचं उदाहरण घ्या. बेळगाव-विजापूरकडून उपचाराला आलेल्या रुग्णाचे नातेवाईक हॉस्पिटलजवळच्या लॉजवर उतरलेले असतात आणि तिथल्या वायफायवर तुमची लिंक उघडतात. रिपोर्ट त्यांच्या मोबाइलपर्यंत येताना होस्टिंग कंपनी, इंटरनेट कंपनी, गावातला केबलवाला, लॉजचा राउटर अशा कितीतरी यंत्रांतून जातो. एचटीटीपी असेल तर यातलं प्रत्येक यंत्र नाव, वय, मोबाइल नंबर, एचआयव्हीची तपासणी केली की नाही, तिचा निकाल काय, सगळं वाचू शकतं. राउटर ज्याच्या ताब्यात आहे तोही वाचू शकतो, आणि त्याच वायफायवर बसलेला थोडा जाणकार माणूसही.

वाचण्याइतकंच वाईट म्हणजे बदलणं. उघड्यावरून जाणाऱ्या पानात वाटेत मजकूर घुसवता येतो, काढता येतो. आपल्याकडे एचटीटीपी पानांत मध्येच जाहिराती टाकण्याचे प्रकार झालेले आहेत. जाहिरात घुसवता येते तर किडनीच्या तपासणीतला क्रिएटिनीनचा आकडाही बदलता येतो. लॅबवाल्याने हा मुद्दा गोपनीयतेइतकाच मनावर घ्यायला हवा, कारण तुमच्या आकड्यावर डॉक्टर औषधाचा डोस ठरवतात.

एसएसएल लावलं की साइट एचटीटीपीऐवजी एचटीटीपीएसवर चालते. आता एचटीटीपीएस काय करतं ते सांगतो. आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. जनावरांच्या बाजारातला जुन्या पद्धतीचा सौदा तुम्ही पाहिला असेल. घेणारा आणि विकणारा हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं धरून किंमत ठरवतात. भोवती पन्नास माणसं उभी असतात. सौदा कोणाकोणात चाललाय, किती वेळ चाललाय, हे सगळ्यांना दिसतं. आकडा मात्र त्या दोघांनाच कळतो. एचटीटीपीएस म्हणजे तो रुमाल. लॉजच्या वायफायवाल्याला कळेल की कोणीतरी तुमच्या लॅबच्या साइटवर गेलं, किती वाजता गेलं आणि साधारण किती माहिती आली. कुठलं पान उघडलं, रिपोर्ट कोणाचा होता, त्यात काय होतं, हे कळणार नाही. मधला कोणी काही बदलायला गेला तर ते ब्राउझरच्या लगेच लक्षात येतं आणि तो ते स्वीकारत नाही.

एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन यंत्रांना सगळ्यांच्या देखत बोलून गुप्त किल्ली कशी ठरवता येते, हा प्रश्न तुम्हाला पडला तर तो रास्त आहे. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ती रीत प्रसिद्ध केली. दोघेही आपापला एक आकडा मनात ठेवतात, त्यापासून बनवलेला दुसरा आकडा उघड सांगतात, आणि समोरच्याच्या उघड आकड्यात आपला गुप्त आकडा मिसळून दोघेही एकाच उत्तरावर पोचतात. ऐकणाऱ्याकडे दोन्ही उघड आकडे असूनही त्याला ते उत्तर काढता येत नाही, कारण उलटं गणित अफाट वेळखाऊ आहे. इतकी वर्षं या कामात असूनही मला याचं नवल वाटतं. टीएलएस म्हणजे एसएसएलचंच आजचं रूप. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ मध्ये प्रत्येक जोडणीसाठी अशी ताजी किल्ली बनते. त्यामुळे आजची वाहतूक कोणी साठवून ठेवली आणि दोन वर्षांनी तुमच्या सर्व्हरची किल्ली चोरली, तरी तिने आजचे रिपोर्ट उघडत नाहीत.

एसएसएल आणि टीएलएस या नावांचा घोळ पटकन संपवू. एसएसएल नेटस्केप कंपनीने आणलं, १९९५ मध्ये दुसरी आवृत्ती आणि १९९६ मध्ये तिसरी. १९९९ पासून त्याचा पुढचा अवतार टीएलएस या नावाने आला. खरं एसएसएल आज कोणी वापरत नाही, वापरू नये. बाजारात जुनं नाव टिकलं इतकंच. होस्टिंगवाल्याला एकच सांगा, टीएलएस १.२ आणि १.३ चालू ठेवा, १.० आणि १.१ बंद करा. त्या दोन्ही मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या आहेत.

नऊ हजारांचा प्रश्न. रुमालाखाली हात कोणाचा आहे हे रुमाल सांगत नाही, त्यासाठी ओळख पटवावी लागते. ‘एसएसएल’ म्हणून विकतात ते सर्टिफिकेट हे काम करतं. ‘या नावाची साइट ज्याच्या ताब्यात आहे त्याचीच ही किल्ली’ असं एक मान्यताप्राप्त संस्था सहीनिशी सांगते, आणि अशा संस्थांची यादी तुमच्या मोबाइलमध्ये आधीच असते. साध्या सर्टिफिकेटमध्ये फक्त साइटच्या नावावरचा ताबा तपासतात. महागड्यात कंपनीची कागदपत्रंही तपासतात, आणि त्यांच्यासाठी पूर्वी ब्राउझरच्या पट्टीत हिरव्या अक्षरांत कंपनीचं नाव यायचं. २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ते काढून टाकलं. तेव्हा रुग्णाच्या डोळ्यांना आज मोफत आणि महाग यांत काही फरक दिसत नाही. कूटबद्धतेच्या, म्हणजे माहिती गुप्त रूपात बदलण्याच्या, ताकदीतही फरक नसतो, कारण ती तुमच्या सर्व्हरच्या आणि रुग्णाच्या ब्राउझरच्या सेटिंगवर ठरते, सर्टिफिकेटच्या किमतीवर नाही.

लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा डिसेंबर २०१५ पासून सगळ्यांना मोफत सर्टिफिकेट देते. तुमच्या होस्टिंगला सीपॅनेल, म्हणजे साइट सांभाळायचं ते तयार पॅनेल, असेल तर बहुधा ऑटोएसएसएल नावाची सोय त्यातच असेल, फक्त चालू करायची. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि मुदत संपायच्या आधी आपोआप नवं होतं. उलट ‘वर्षाचं सर्टिफिकेट’ विकणं आता अवघडच होत चाललंय. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांनी एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे कुठल्याही सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. म्हणजे विकत घ्या किंवा मोफत, नूतनीकरण आपोआप होण्याला पर्याय नाही. तुमची साइट बनवणारे नऊ हजार कशाचे मागतात ते विचारा. सर्टिफिकेटचे असतील तर देऊ नका. पुढे मी जी कामं सांगतोय ती करून वर्षभर लक्ष ठेवण्याचे असतील तर जरूर द्या, माणसाच्या मेहनतीचे पैसे द्यावेतच, पण कोणकोणतं काम ते लिहून घ्या.

कारण नुसतं सर्टिफिकेट बसवून निघून गेलेले लोक मी खूप पाहिले आहेत. साइट एचटीटीपीएसवर उघडते आणि जुन्या एचटीटीपी पत्त्यावरही तशीच उघडत राहते. मग ज्यांच्याकडे जुनी लिंक आहे ते उघड्यावरूनच येत राहतात. म्हणून एचटीटीपीवर येणाऱ्या प्रत्येकाला एचटीटीपीएसकडे वळवायचं. शिवाय एचएसटीएस नावाचं सेटिंग आहे, ते लावलं की एकदा येऊन गेलेला ब्राउझर पुढच्या वेळी स्वतःहून एचटीटीपीएसच मागतो. ते मात्र आधी छोट्या मुदतीचं लावा, सगळं नीट चाललंय याची खात्री झाली की वाढवा, कारण मागे फिरणं सोपं नसतं.

‘लॉगिनचं पान तेवढं एचटीटीपीएस करू, बाकी राहू दे’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक जोडसाधन जाहीर केलं होतं. त्या काळी मोठमोठ्या साइटही पासवर्डचं पान तेवढं कूटबद्ध करायच्या, पण लॉगिननंतरची ओळखखूण, म्हणजे कुकी, उघड्यावरून जायची. फायरशीप ती वायफायवरून उचलायचं आणि एका क्लिकमध्ये शेजाऱ्याच्या खात्यात शिरता यायचं. पासवर्ड न कळताही. त्यानंतर बऱ्याच मोठ्या साइट हळूहळू पूर्ण एचटीटीपीएसकडे वळल्या. तेव्हा संपूर्ण साइट, चित्रांसकट, आणि कुकीवर ‘फक्त सुरक्षित जोडणीतूनच जा’ ही खूण.

तुमच्या पावतीवर क्यूआर कोड छापला असेल तर तो स्कॅन करून पाहा. त्यात एचटीटीपीचा पत्ता असेल तर पावतीपुस्तकं बदलायला लागतील. एसएमएसचा साचाही तपासा. हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण वेबसाइटवाला फक्त वेबसाइट बघतो.

मुदत संपण्याचं भय खरं आहे. सर्व्हरवरचं आपोआप होणारं काम कधीतरी बंद पडतं, सर्टिफिकेट संपतं आणि रिपोर्टच्या जागी लाल इशारा येतो. लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी मुदत संपण्याआधी ईमेल पाठवायचं, जून २०२५ मध्ये त्यांनी तेही थांबवलं. म्हणून नजर ठेवणारी एखादी मोफत सेवा लावा किंवा निदान महिन्याच्या एक तारखेला ब्राउझरमध्ये साइटच्या नावाशेजारच्या खुणेवर टिचकी मारून तारीख पाहायची सवय लावा. आणखी एक, जत-आटपाडीकडून एखाद्या वयस्कर रुग्णाचा फोन येईल की लिंक उघडत नाही. दोन कारणं पाहा. मोबाइलमधली तारीख चुकीची असेल तर कुठलंही सर्टिफिकेट ‘चुकीचं’ दिसतं. आणि अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचा फोन असेल तर त्याच्या यादीत लेट्स एन्क्रिप्टची सध्याची मूळ सही नसते. अशा रुग्णाला ‘इशारा आला तरी पुढे जा’ असं फोनवर कधीही सांगू नका. ती सवय त्याला उद्या खोट्या साइटवर महागात पडेल. त्याला छापील रिपोर्ट द्या.

इथवर झालं रस्त्याचं. आता पेवाचं. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या हळदीच्या पेवांत, म्हणजे साठवणीच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, पाणी शिरलं ते तुम्हाला आठवत असेल. हळद बाजारातून पेवापर्यंत व्यवस्थित पोचली होती, नुकसान झालं ते साठवलेल्या जागी. माझ्या कामात मी रुग्णांची, ग्राहकांची माहिती फुटलेली जितक्या वेळा पाहिली, त्यांतल्या बहुतेक वेळा ती रस्त्यात फुटलेली नव्हती.

तुमची लिंक घ्या. शेवटी बिल नंबर, समजा ४५१२. मी तो ४५१३ केला तर? काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका दवाखान्याच्या साइटवर मी हे करून पाहिलं, त्यांच्याच सांगण्यावरून आणि त्यांच्या समोर बसून. पुढच्या रुग्णाचा रिपोर्ट उघडला. मग त्याच्या पुढचा. त्या दवाखान्याने एसएसएल आधीच विकत घेतलं होतं, पट्टीत कुलूप दिसत होतं. डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या यादीत त्यांच्या ओळखीतली माणसं होती. एखादा छोटा प्रोग्रॅम एक ते दहा हजार आकडे मोजत सगळे रिपोर्ट रात्रीत उतरवू शकला असता, आणि सगळे कूटबद्ध जोडणीतून. चोर रुमालाखालूनच आला असता, कारण समोरचा हात कोणाचा हे सर्व्हर विचारतच नव्हता.

हे दुरुस्त करायला पैसे कमी आणि विचार जास्त लागतो. लिंकमध्ये बिल नंबराऐवजी लांबलचक, यदृच्छ, म्हणजे कुठल्याही क्रमाशिवाय आलेल्या, अक्षरांची खूण हवी, जी कोणाला मोजत-मोजत सापडणार नाही. ती ठरावीक दिवसांनी मरायला हवी, मी सात दिवस ठेवतो. आणि रिपोर्ट उघडण्याआधी नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी जायला हवा, कारण लिंका व्हॉट्सअॅपवर फिरतात, घरातला दुसरा कोणी मोबाइल हाताळतो. ओटीपी दिलेला माणूस हा याच रिपोर्टचा मालक आहे का, ही तपासणी प्रत्येक वेळी सर्व्हरवर व्हायला हवी. नुसतं पानावरचं बटण लपवून चालत नाही. काही जण ओटीपीऐवजी जन्मतारीख विचारतात. ती घरच्या सगळ्यांना आणि निम्म्या गावाला माहीत असते.

आणखी दोन-तीन ठिकाणी बघून घ्या. रिपोर्टच्या पीडीएफ ज्या फोल्डरमध्ये आहेत तो थेट वेबवरून उघडतो का? उघडत असेल तर वरची सगळी मेहनत वाया. त्या फायली वेबच्या आवाक्याबाहेरच्या जागी ठेवायच्या. साइटचा जुना बॅकअप झिप करून त्याच सर्व्हरवर टाकून ठेवलाय का? हे मी पुन्हापुन्हा पाहतो, आणि त्यात अख्खा डेटाबेस असतो. काउंटरवरचे सगळे एकाच पासवर्डने काम करतात का, आणि नोकरी सोडून गेलेल्याला तो अजून माहीत आहे का?

आणि जे साठवायची गरजच नाही ते मागू नका. शुगर तपासायला आधार नंबर कशाला? बऱ्याच लॅबच्या फॉर्ममध्ये तो रकाना मी पाहिलाय, आणि ‘का’ विचारलं तर उत्तर येतं, ‘फॉर्ममध्ये होताच.’ जे तुमच्याकडे नाही ते तुमच्याकडून फुटत नाही. सुरक्षिततेचं याहून स्वस्त काम मला माहीत नाही.

कायद्याचं थोडक्यात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोपनीयता हा मूलभूत अधिकार मानला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. बहुतेक जबाबदाऱ्या त्यापासून १८ महिन्यांनी लागू होतात. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या लॅबला तेवढा होईल असं नाही, दंड प्रकरण पाहून ठरतो. पण नियमांत कूटबद्धता, प्रवेशावर नियंत्रण, नोंदी ठेवणं हे नाव घेऊन लिहिलंय, आणि माहिती फुटली तर या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला आणि रुग्णांनाही कळवावं लागतं. मला विचाराल तर दंडापेक्षा मिरजेत तोंड दाखवणं जास्त जड जाईल.

रुग्णांनाही एक समजावून सांगा. कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, हा समज चुकीचा आहे. खोटी साइट बनवणाऱ्यालाही तेच मोफत सर्टिफिकेट मिळतं. म्हणूनच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये पट्टीतलं कुलूप काढून तिथे साधी खूण आणली. तुमच्या लॅबच्या साइटचं नेमकं नाव पावतीवर ठळक छापा आणि ‘याच नावाने आलेली लिंक उघडा, आम्ही रिपोर्टसाठी कधीही पैसे किंवा कार्ड नंबर ऑनलाइन मागत नाही’ असं खाली लिहा.

क्रम सांगतो. आज संध्याकाळी बिल नंबरवर चालणाऱ्या लिंका बंद करा, चार दिवस रिपोर्ट काउंटरवरून द्यावे लागले तरी चालेल. उद्या सर्टिफिकेट आणि एचटीटीपीएसकडे वळवणं, ते तासाभराचं काम आहे. मग यदृच्छ खूण आणि ओटीपी, त्याला साइटवाल्याला आठवडाभर लागेल. नंतर एसएसएल लॅब्सच्या मोफत चाचणीत साइटचं नाव टाकून पाहा. जुनं टीएलएस चालू राहिलं असेल तर ‘बी’च्या वर दर्जा मिळत नाही. जुन्या लिंका बंद झाल्यावर पहिले काही दिवस फोन खूप येतील. काउंटरवर जे बसतात त्यांना आधीच सांगून ठेवा, आणि फोनवर रिपोर्टमधला आकडा वाचून दाखवण्याआधी नोंदवलेल्या नंबरवर उलटा फोन करायला लावा.